हात न धरता शिकवलेलं अक्षर

"काय गो, आजही कोरीच पाटी?"

मास्तर पायरीच्या वर उभे. मी पायरीच्या खाली. मधे दगडाचा एक चिरा, त्याच्यावर माझी पाटी. आतली पोरं हसत होती.

पाटी कोरी नव्हती. सकाळपासून मी त्यावर अ काढत होते. भरून टाकली होती पाटी. पण मास्तरांनी ती हातात घ्यायची तर आधी तिचा विटाळ जायला हवा. म्हणून आतला एक पोरगा फुलपात्र घेऊन बाहेर यायचा आणि पाटीवर पाणी शिंपडायचा. दगडी पाटी, पेन्सिलीचं अक्षर. पाणी पडलं की उरणार काय? विटाळ जायचा आणि त्याच्याबरोबर माझा अ पण जायचा. मग मास्तर पाटी उचलायचे, उलटीसुलटी करायचे आणि विचारायचे, कोरीच का?

हे रोज व्हायचं. त्यांना कळत नव्हतं असं मी कसं म्हणू? शिकलेला माणूस तो.

आमचं घर महारवाड्यात, रत्नागिरीपासून थोडं लांब, खाडीच्या अंगाला. बाबा मुंबईला गिरणीत. त्यांनीच आगबोटीने येणाऱ्या एका माणसाबरोबर ती पाटी धाडली होती आणि निरोप सांगितला होता, पोरीला शाळेत घाल. आयेने मला अंघोळ घातली, केसांना तेल चोपडलं आणि शाळेच्या पायरीपर्यंत सोडून गेली. पायरीच्या पुढे तिलाही वाट नव्हती.

मी बाहेर बसायचे. दारातून आतलं सगळं दिसायचं, आणि मी दुसरं काय करणार, बघत बसायचे. मास्तर बिगरीच्या पोरांना आधी जमिनीवर खडूने मोठं अक्षर काढून द्यायचे. त्या अक्षरावरून चिंचोके मांडायचे, एकाला एक लावून. बोटांना चिमटीत धरायची सवय लागावी म्हणून. मग धूळपाटीवर बोटाने. मग पेन्सिल. आणि पेन्सिल दिली की मास्तर पोराच्या मागे मांडी घालून बसायचे, त्याची मूठ आपल्या मुठीत घ्यायचे आणि हळूहळू फिरवायचे. "असं खाली ये. आता वळ. दाबू नको हो, पाटीला दुखेल." एवढा कडक माणूस, पण तेव्हा आवाज कसा मऊ व्हायचा त्यांचा.

मला तो आवाज हवा होता. खरं सांगते, अक्षराहून जास्त तो आवाज हवा होता.

मला ते लांबून छडीने दाखवायचे. हवेत अ काढायचे. छडीचं टोक कुठून निघालं आणि कुठे थांबलं, ते बघून मी काढायचे. पेन्सिल कशी धरायची हे छडीने कसं सांगणार? मी ती मुठीत धरायचे, कोयता धरतात तशी. आमच्या घरात हातात धरायची वस्तू म्हणजे कोयताच. चिंचोके मी आपले आपण गोळा केले आणि पायरीखालच्या तांबड्या मातीत मांडत बसायचे. माझ्याशेजारी कोणी नव्हतं. आमच्या वाडीतली दुसरी पोरं चार दिवस येऊन पळाली होती.

माझ्या मागून आलेली पोरं वरच्या वर्गात गेली. मी बिगरीतच. मास्तर आयेला वाटेत म्हणाले, "तुझ्या पोरीच्या हातात अक्षर नाही. उगाच कशाला धाडतेस?"

आये मान खाली घालून घरी आली. चूल पेटवता पेटवता मला म्हणाली, "बाय गो, नसंल जमत तर ऱ्हाऊ दे. ढोरांमागं जा."

आयेचं बोलणं मला मास्तरांच्या बोलण्याहून जास्त लागलं. तिलाही ते खरं वाटलं होतं. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात काहीतरी पेटलं. माझ्या हातात अक्षर होतं, ते पुसणारा हात दुसऱ्याचा होता.

खाडीच्या काठाला एक फुटकी होडी पडलेली असायची. तिच्या फळीतून मी खिळा उपटला. अंगणात बसले आणि पाटीवर खिळ्याने अ कोरायला लागले. दगडाचा कीस निघत होता, दातांत कळ येत होती.

आये धावत आली. "काय करतंस गो? बापसानं धाडलेली पाटी ती! फुटंल ना!"

"फुटूं दे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाटी चिऱ्यावर ठेवली. पोरगा आला, पाणी शिंपडलं. अ तिथेच. त्याने आणखी ओतलं. अ तिथेच. त्याने फुलपात्र उपडं केलं आणि घाबरून मास्तरांकडे बघितलं. मास्तर खाली उतरले. पाटी उचलली. अक्षरावरून अंगठा घासून बघितला.

"हे काय केलंस?"

"माझा अ आता पुसत नाय."

त्यांनी पाटी पायरीवर आपटली. दोन तुकडे. "उद्यापासून येऊ नकोस."

मी तुकडे उचलले आणि तिथेच बसले. रडले, खोटं कशाला सांगू. पण उठले नाही. दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. तुकड्यावर लिहीत राहिले. मला हाकलायचं तर हाताला धरूनच उठवावं लागलं असतं. ते त्यांना जमणार नव्हतं.

पुढे वरून हुकूम आला, सगळी पोरं आत बसवा. मला आत घेतलं, वेगळ्या तरटावर. वरच्या वर्गात चढवलं. पण माझा हात कोणीच धरला नाही, अगदी सातवी पास होईपर्यंत. आजही टाक माझ्या मुठीत असतो. पानभर लिहिलं की मनगट भरून येतं.

आता मी स्वतः मास्तरीण आहे, दुसऱ्या गावात. या शाळेत सगळ्या जातींची पोरं एकत्र बसतात, आणि बिगरी माझ्याकडे आहे. मला इथे कोणी बिऱ्हाड दिलं नाही, विहिरीवर माझी वेगळी वेळ आहे, शाळा सुटली की माझ्याशी बोलायला कुत्रंही नसतं. ते सगळं मी सोसते. वर्गात मात्र मी मागे मांडी घालून बसते आणि एकेकाची मूठ हातात घेते. अंगठा इथे, हे बोट इथे. दारातून बघून बघून पाठ केलेलं.

गेल्या आठवड्यात गावच्या खोतांची धाकटी नात अशीच हातात होती. एवढीशी मूठ, घामेजलेली. इतकी घट्ट, की पेन्सिलीची टोकं मोडत होती. मी तिची बोटं सैल केली. ती मागे वळून म्हणाली, "बाई, तुमचा हात खरखरीत आहे." आणि मग तिने आख्खा अ काढला, आपल्या हाताने. किती हसली!

दुसऱ्या दिवशी खोत आले. आवाज चढवला नाही. अगदी अदबीने बोलले.

"बाई, तुम्ही शिकवा हो. आमची ना नाही. पण पोरांचा हात तेवढा धरू नका. लांबून दाखवा."

मी म्हटलं, "हात धरल्याशिवाय अक्षर येत नाही."

"तुम्हाला आलंच ना?"

माझ्या अंगाची आग झाली. पण मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले. शेवटी त्यांनीच नजर फिरवली.

त्या दिवसापासून बिगरी रिकामी आहे. पोरं घरी ठेवलीत. हेडमास्तर माणूस वाईट नाही, पण भित्रा. काल म्हणाले, "बाई, जरा जमवून घ्या. हातावर फडकं टाकून धरा हवं तर. वर्ग असाच राहिला तर तुमची नोकरी मी वाचवू शकणार नाही."

मी रोज वेळेवर दार उघडते. जमिनीवर खडूने अक्षरं काढते. कोणी येत नाही. दुपारपर्यंत एकटी बसते. एकटेपणाची मला लहानपणापासून सवय आहे असं लोकांना वाटतं. अशी सवय कोणाला होत नाही. दुपारी ती बैठकीची रिकामी तरटं बघवत नाहीत.

पण फडकं मी टाकणार नाही. नोकरी गेली तर झाडाखाली बसेन. ज्याला माझ्याकडून अक्षर हवं, त्याने आपला उघडा हात माझ्या उघड्या हातात द्यायचा. त्याशिवाय मी कोणाला एक रेघही शिकवणार नाही.