आत्याबाईची केळी

आखिती आली की आता मला पेपर उघडावासा वाटत नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सोनंच सोनं. नटलेल्या बाया हार घालून हसून राह्यल्या, अन् खाली मोठ्या अक्षरात 'अक्षय समृद्धी'. यंदा सकाळीच कोणीतरी मोबाइलवर पाठवलं, आज घेतलेलं कधी संपत नाही. अरे बाप्पा, घेतलेलं नाही, दिलेलं! आमच्या वाशीमकडे आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, हा पितरांना पाणी द्यायचा दिवस. वैशाखाचं ऊन अंगाची सालं काढते, त्यात गेलेल्या माणसांना तहान लागत असेल, म्हणून मातीचं भांडं भरायचं, वर आंबा नाहीतर खरबूज ठेवायचं अन् नाव घेऊन म्हणायचं, पाणी प्या. त्या दिवशी दिलेलं आटत नाही, म्हणून अक्षय. एवढीच गोष्ट. त्यात सोनार कुठून घुसला, कोण जाणे.

मला हे सगळं शिकवलं वडिलांच्या मोठ्या बहिणीनं. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तर नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला आमच्या गावच्या, किन्हीराजाच्या बसमध्ये बसवून दिलं अन् पुन्हा तोंड दाखवलं नाही. मोठी धार्मिक माणसं, बरं का! घरी पूजा, पारायणं, सगळं जोरात.

आत्याबाई मग मरेपर्यंत आमच्या घरी राबली. आखितीला ऊन चढायच्या आत विहिरीचं पाणी शेंदून आणायची अन् दोन तऱ्हेची मडकी मांडायची. गेलेल्या पुरुषांसाठी करा, तो मोठा. गेलेल्या बायांसाठी केळी, ती लहान, गोल, आखूड गळ्याची. पुरुषांची नावं घरात सगळ्यांना पाठ. बायांची फक्त तिला. सात बायांची नावं घेऊन ती केळीत पाणी ओतायची.

एकदा पाण्यात वाळा टाकता टाकता मला म्हणाली, "पोरी, माही केळी कोन भरन वं?"

"काहून? बाबा भरतीन."

"भटजी नाही म्हनते. म्हने, तिचं गोत्र सासरचं, या घरचं पानी तिले पोचत नाही. अन् तिकडच्यायनं त मले जितेपनी पानी इचारलं नाही."

"मंग मी भरीन."

"तू बी जाशीन वं दुसऱ्याच्या गोत्रात," असं म्हणून हसली. पण माझा हात काही तिनं लवकर सोडला नाही.

आता मला सांगा, तिनं शेंदलेलं पाणी साऱ्या खानदानाला पोचलं, अन् तिलाच तेवढं पोचत नाही? गोत्राला काय नळ बसवला आहे, तोटी फिरवली की बंद? ती गेल्यापासून मी दर आखितीला माहेरी जाते अन् तिची केळी भरते. भटजीला विचारत नाही.

भाऊ गेल्यावर त्याच्या मुलानं वाशीमला घर केलं. यंदा माझे गुडघे फार धरले होते, तर तो फोनवर म्हणाला, "आत्या, तू फक्त ये. करा, केळी, सगळं मी आनतो."

मी सकाळच्या बसनं पोचले. सूनबाईनं पुरण शिजवलं होतं, रस काढला होता. देवापुढं नवा करा मांडलेला. केळी दिसेना. अन् आमचे चिरंजीव सोनाराच्या दुकानात रांगेत. बारा वाजायला आले तेव्हा उगवले. एका हातात लाल मखमली डबी, दुसऱ्या हातात पिशवी.

"घे आत्या, केळी. चांगली पिवळीजर्द पाहून आनली."

पिशवीत डझनभर खायची केळी! मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिले.

"अन् मडकं?"

"कोनतं मडकं?"

वऱ्हाडात जन्मला, वऱ्हाडात वाढला, अन् केळी म्हटलं की फळवाल्याकडे गेला. सोन्याचे कॅरेट मात्र तोंडपाठ.

"जाऊ दे ना आत्या," तो म्हणाला, "एका कऱ्यातच साऱ्यायचं होते. घेऊन टाक तिचं बी नाव. उशीर होऊन राह्यला."

"सोनाराकडं उभा होता तवा नाही झाला उशीर? जितेपनी मानसायच्या पंगती उठल्यावर जेवली ती. आता त्यायच्या मडक्यातलं उरलेलं प्यावं काय तिनं?"

मी चपला घातल्या. सूनबाईनं गॅस बंद केला, स्कूटीची चावी घेतली अन् म्हणाली, "बसा आत्या."

बाजाराच्या टोकाला कुंभारीण मडकी मांडून बसली होती. म्हणाली, "करे सकाळीच खपले, माय. केळ्या मांगतच नाही कोनी. ह्या पाहा तशाच पडल्या." म्हणजे पुरुष सारे तहानलेले, अन् बाया काय उंट आहेत?

घरी येऊन केळी धुतली, वाळा टाकला, पाणी भरलं. सूनबाईनं हळूच विचारलं, "नाव काय घ्यायचं? आत्याबाई म्हटलं तर चालेल?"

मी पुतण्याकडे पाहिलं. पाच वर्षांचा होईपर्यंत हा तिच्या मांडीवर बसून जेवला. त्याला तिचं नाव माहीत नव्हतं! तो कऱ्यापुढं ती लाल डबी ठेवून फोटो काढत होता.

"ते उचल आधी," मी म्हटलं. "तिकडं रसाचा वास सुटला म्हनून भूक लागली असंन तुले. पन मी आज हाय, उद्याचं सांगता येत नाही. हे नाव तुले आलं पायजे."

मी नाव सांगितलं. इथं लिहीत नाही, ते हाक मारायसाठी आहे. सूनबाईनं पहिल्याच वेळी नीट घेतलं अन् पाणी ओतलं. आमचा शहाणा दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा न चुकता म्हणाला, तेव्हाच मी त्याला जेवायला पाटावर बसू दिलं.