कीर्तनातली हरळी

ज्याच्या शब्दाने सृष्टी झाली आणि ज्याने काही काळ मला निःशब्द करून अधिक ऐकवले, त्या दयाळू पित्याला प्रथम नमन. परवा आमच्या मंडळीत हंगामाच्या उपकारस्तुतीचा सण झाला. त्या निमित्ताने गतवर्षीच्या सणाची ही आठवण लिहून ठेवतो.

पुणतांब्याजवळच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये त्या दिवशी कीर्तन करण्याचा मान पस्तीस वर्षे माझ्याकडे होता. संस्कृताचा अध्यापक म्हणून घोटलेली सारी वृत्ते मी प्रभू येशूच्या चरित्राला वाहिली होती. मी पुढे उभा राही. माझी सहधर्मचारिणी मागे झांज धरून ध्रुपद उचलीत असे.

गतवर्षी सणाच्या महिनाभर आधी माझ्या घशातील गाठ काढावी लागली. गाठ साधी निघाली म्हणून घरी पेढे वाटले गेले. परंतु डॉक्टरांनी दोन महिने मौन सांगितले होते, आणि आवाज पूर्ववत येईलच असे नाही, हेही. ज्या कंठाने देवाची सेवा करायची तोच गेला, तर माझ्यापाशी उरले काय? प्रार्थनेला बसलो तरी मन कोरडे राही.

पाळकसाहेब समाचाराला आले. म्हणाले, "गुरुजी, यंदा कीर्तनाला बाहेरून कुणाला बोलवावं म्हणतो."

मी पाटीवर लिहिले, 'योग्य'.

चहाचे कप ठेवीत सहधर्मचारिणी म्हणाली, "बाहेरून कशाला? मी करते की."

"बाई, तुम्ही?"

"पस्तीस वर्षं मागं उभी राहून नुसती यांची पाठ बघत हुते व्हय?"

मग मी तीन दिवस खपून तिच्यासाठी संहिता लिहिली. विषय खडकाळ जमिनीत पडलेल्या, मूळ न धरलेल्या बीजाचा दृष्टान्त. जोडीला अचल वटवृक्षाचे वर्णन आणि स्वरचित चार श्लोक. पहिले पान वाचून तिने चष्मा काढला. "अहो, याचा अर्थ सांगायला आधी तुमचा आवाज यायला पायजे."

सणाच्या सकाळी वेदीपुढे उसाच्या मोळ्या, बाजरीची कणसे, भोपळे आणि पाय बांधलेला एक कोंबडा अशी अर्पणे मांडलेली होती. मी प्रथमच मागे, झांज घेऊन. माझी संहिता वाऱ्याने उडू नये म्हणून तिने भोपळ्याखाली ठेवली, आणि ती अखेरपर्यंत तिथेच राहिली.

"गुरुजींनी वडाचं झाड लिहून दिलंय," तिने सुरुवात केली. "वड मोठा, खरं हाय. पण शाळेपाशी वादळात वड पडला, तो सगळ्यांनी पाह्यला. हरळी पडलेली कुणी पाह्यली का?"

बायकांच्या बाजूने कुणी ओरडले, "खुरपून खुरपून बोटं गेली, मावशी!"

"मग! नांगरा, खुरपा, जमिनीखालच्या मुळ्या, त्या काशा, येचून बांधावर फेका. एक जरी काशी खाली राहिली की पाण्यासरशी हिरवीगार! इश्वास असा पायजे. संकटानं म्हणावं, हिला आता कितीदा उपटू?"

चर्च हास्याने भरून गेले. हरळी म्हणजे दूर्वा. त्या शब्दाचे पर्याय मला मुखोद्गत होते. तिच्या मुळाशी मात्र माझा हात कधी गेला नव्हता.

मग ती माझ्याकडे वळली. "आमच्या घरीबी महिनाभर नांगरट चालू हाय. वरचं समदं गेलंय. खाली काशी हाय का न्हाई, ते आता यांची झांज सांगंल."

तिने ध्रुपद उचलले. मी इतका भारावलो होतो की पहिला ठोका चुकलोच. तो कोंबड्याने आरवून भरून काढला. दुसऱ्या ठोक्याला मात्र झांज वाजली, आणि त्या नादाबरोबर महिनाभर अडलेली प्रार्थना, ओठ न हलवता, सुरू झाली. माझी सेवा कंठात नव्हतीच. ती खाली, कुठेतरी मातीत, शाबूत होती.

पुढे आवाज परतला, पण घोगरा. यंदा पाळकसाहेबांनी विचारले, तेव्हा त्याच आवाजात मी सांगितले, "झांज माझ्याकडे. कीर्तन बाईंकडे."

"श्लोक लिहू नका म्हंजे झालं," आतून उत्तर आले.

प्रिय वाचका, प्रभू तुझ्या अंगणात अन्न, पाणी आणि हसू अखंड ठेवो. तुझ्या घरावरून कधी नांगर फिरलाच, तर खालची एक तरी काशी त्याच्या कृपेने जिवंत राहो, आणि लेकराबाळांसह तुझे सारे घर पुन्हा हिरवे होवो. आमेन.