कोणाचं कोणाला लागलं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. तुमच्या घरात अशी कावीळ निघाली तर माझ्यासारखं वागू नका, म्हणून आता लिहितो.

माझी बायको वत्सला हिचे डोळे पिवळे झाले, अन्न नकोसं झालं. परळच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, "एचबीएसएजी पॉझिटिव्ह. हिपॅटायटिस बी." एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या आवरणाचा अंश. तो रक्तात सापडला, म्हणजे विषाणू अंगात आहे. "एकत्र जेवल्याने पसरत नाही," ते म्हणाले. "पण तुम्हीही तपासून घ्या."

मी एकटाच जाऊन तपासून घेतलं. माझंही एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघालं. फरक दुसऱ्या तपासणीत होता. अँटी-एचबीसी आयजीएम ही लागण ताजी असताना दिसणारी प्रतिपिंडं. ती तिच्या रक्तात होती, माझ्या नव्हती.

"तुमची लागण जुनी आहे," डॉक्टर म्हणाले. "बहुधा तुमच्याकडूनच त्यांना गेली. घरी सांगा."

मला कुठून आली, ते डॉक्टरांना सांगता येईना. आमच्या चाळीतल्या लोकांनी मात्र 'बाहेर तोंड मारून आणली' असं लगेच सांगितलं असतं. माझा रिपोर्ट मी कोणालाच दाखवला नाही.

काळाचौकीच्या आमच्या खोलीत तिची ताटली, पेला वेगळा झाला. ताटलीवर खिळ्याने खूण मी केली. गणपतीत अख्ख्या मजल्याचे मोदक तीच वळायची. त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, तिला उंबऱ्याबाहेर बसवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "खयसून हाडलंस गो ह्यां दुखणां?"

'कुठून आणलंस' ऐकून बायका हसल्या. वत्सला माझ्याकडे बघत राहिली. मी आरतीचे टाळ पुसत होतो.

रात्री ती एवढंच म्हणाली, "अहो, माझ्या हातचा मोदक बाटतो, आणि धुणं बरं चालतं तुम्हाला?"

सहा महिन्यांनी तिचं एचबीएसएजी निगेटिव्ह आलं. अँटी-एचबीएस, म्हणजे संरक्षण देणारी प्रतिपिंडं, तयार झाली होती. ती पूर्ण बरी होती. विषाणू माझ्यात होता. रिपोर्ट आणायला मीच गेलो होतो. घरी येऊन म्हणालो, "अजून सांभाळायला सांगितलंय." विषाणूवरची माझी रोजची गोळी ब्लडप्रेशरची म्हणून खपली. ताटली वेगळीच राहिली.

पुढे ती हृदयविकाराने इस्पितळात पडली. शेवटच्या दुपारी तिचे ओठ सुकले होते. मी माझा पेला पुढे केला. तिने तोंड फिरवलं.

"तो नको. माझं लागेल तुम्हाला."

"नाही लागत," मी म्हणालो.

"राहू दे. इतकी वर्षं सांभाळलंय."

मी उठून कँटीनमधून तिच्यासाठी वेगळा पेला आणला. तिने त्यातून दोन घोट घेतले. मी तोंड उघडलं, आणि पाणी थंड आहे का, एवढंच विचारलं.

वत्सला, माझंच तुला लागलं होतं. मला माफ कर.