चंद्र ढकलणारा हिरो

"हाऊ सिनेमाम्हा दार ढकलतांना दमी गया व्हता, आते चंद्र ढकली राह्यना!"

आज बसमध्ये शेजारच्या बाईंनी बामची डबी उघडली आणि धरणगावच्या आजोबांचं, आबांचं, हे वाक्य आठवलं. लहानपणी एका सुट्टीत त्यांच्या घरी टीव्हीवर सिनेमातल्या अंतराळवीरावर काढलेलं कार्टून लागलं होतं. कापसाची गाठोडी उचलून दुखावलेली त्यांची पाठ मी चोळत होते. इंग्रजी शाळेतली मी "माझी पाय" म्हणाले आणि घरभर हशा पिकला, तेव्हापासून सुट्टीभर गप्पच होते.

"इतली ताकद कोठेन उनी, बेटा?" टीव्हीतल्या हिरोकडे बोट करत आबांनी पुन्हा पुन्हा विचारलं. तेव्हा ती चेष्टा वाटली. ते मला बोलतं करत होते, हे आज कळतं.

बोटांना बाम झोंबत होता. शेवटी, चुकलं तर चुकलं, असं ठरवून मी म्हणाले, "आबा, कार्टूनमध्ये त्याचा पाठ दुखत नाही."