मायचं पोट साफ झालं त्या सकाळी

भाताच्या रोवणीच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावरून घसरून मायचा पाय मोडला. गावाकडे, केशोरीच्या घरी तिचं करणारं कोणी नव्हतं, म्हणून प्लास्टर होताच मी तिला फुलचूरला आमच्याकडे आणलं. पायाच्या दुखण्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. पण हळूहळू तिचं जेवण सुटलं. भात चिवडायची आणि ताट सरकवून द्यायची.

"काय होऊन राहिलं तुले?" मी विचारलं.

"काई नाई. जाय तू ड्युटीवर."

खरं काय ते तिने माझ्या बायकोला सांगितलं, मी घरात नाही हे पाहून. पोट साफ होत नव्हतं. मी इसबगोलचा डबा आणला. मायने चिमूटभर तळहातावर घेऊन पाहिलं.

"हा तं कोंडा होय. ढोराईले देतेत. मले कायले?"

तरी घेतला, पण घोटभर पाण्यात कालवून. तो घशात चिकटला, ठसका लागला. पुढच्या दोन दिवसांत पोट आणखीच टरटरलं. मी घाबरलो आणि ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना घरी घेऊन आलो.

त्यांनी पोट दाबून पाहिलं, उलटी होते का, वारा सरतो का, हे विचारलं. "घाबरायचं नाही," असं मला म्हणाल्या आणि मायकडे वळल्या. "माँजी, पानी कितना पीती हो?"

"घोट-दोन घोट."

"काऊन?" आता त्या आमच्या बोलीवर आल्या.

मायने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पानी पेलं का उठा लागते. सुनेनं एकटीनं मले कितीक खेपा उचलाव? अन् पोराले कसं सांगू?"

डॉक्टरीणबाई तिच्या उशाशीच बसल्या. दुखण्याच्या गोळ्यांनी आणि पडून राहण्याने आतडं सुस्त होतं, म्हणाल्या. इसबगोल काही जोराचा जुलाब नाही. तो आत पाणी शोषून फुगतो, मळ मऊ करतो, पुढे सरकवतो. पाणीच नसेल तर तो तरी काय करणार? भरल्या ग्लासात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी एक ग्लास पाणी, दिवसभरही पाणी चालू ठेवायचं. झोपायच्या तोंडावर घ्यायचा नाही. गुण यायला दोन-तीन दिवस लागतील.

त्याच संध्याकाळी मी भाड्याने कमोडची खुर्ची आणली. बायकोने पलंगाजवळ जुन्या लुगड्याचा पडदा बांधला. आता कोणाला उचलायला बोलवायचं नव्हतं. खुर्चीवर नुसतं सरकायचं होतं. माय पाणी पिऊ लागली.

मग एका सकाळी मी स्कूटर चालू करत होतो, तर आतून तिचा आवाज आला, "झालं वो बाई, झालं!"

बायको खळखळून हसली. मी स्कूटर बंद केली आणि पायरीवरच बसलो. कित्येक दिवसांत मलाही इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दुपारी मायने लाखोळीच्या डाळीचं वरण मागून घेतलं, भात दोनदा घेतला. मग केशोरीच्या शेजारणीला फोन लावून सगळी हकीकत रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली. पलीकडची बाई बराच वेळ बोलत होती. फोन ठेवून माय मला म्हणाली, "तिच्यासाठी बी त्या कोंड्याचा एक डबा धाडजो गा. तिचं बी असंच हाय. कोनाले सांगत नोती."