बुरुलचा एजेने न ओढलेले चोपन्न जोड

बुरुलचा एजे आमच्या अक-बुलुंगच्या पाणीपुरवठा कचेरीत आली ती चहा करायला. एजे म्हणजे आमच्या किर्गिझमध्ये ताई, कचेरीत सगळेच तिला तसं म्हणतात. जोडारी ती नंतर झाली, आणि तीसुद्धा आमच्या दोघा जोडाऱ्यांच्या मूर्खपणामुळे. मी तिथं खड्डे खणायचं मशीन चालवतो, त्यामुळे तो मूर्खपणा मला वरून, केबिनमधून, अगदी नीट दिसला.

एप्रिलचा महिना होता. नवे लोखंडी पाइप आले होते. त्यांचं एक टोक घंटेसारखं रुंद, त्यात रबरी कडं बसवायचं आणि पुढच्या पाइपाचं निमुळतं टोक आत ढकलायचं. एवढंच काम. अर्धा तास झाला तरी कडं काही बसेना. एक बाजू दाबली की दुसरी टुणकन बाहेर. शेवटी दोघं हातोडी घेऊन त्या रबराच्या मागे लागले. तेवढ्यात एजे किटली घेऊन आली.

"काय रे, भांडण कुणाशी चाललंय?"

"बसतच नाहीये, एजे."

"मारून कोण बसेल? चुचुक भरताना आतड्याला हातोडी मारता का?"

घोड्याचं मांस आतड्यात भरून चुचुक करावं तर आमच्या गावात तिनंच. तिनं किटली खाली ठेवली, झग्याच्या टोकानं पाइपाची आतली खाच पुसली, कडं मधोमध आत दुमडून बदामासारखं केलं, खाचेत ठेवलं आणि सोडून दिलं. मग आतून गोल हात फिरवला. रबराला आणि पाइपाच्या टोकाला साबण चोपडला.

"आता ढकला. हळू! नवरी घरात घेताय, चोर हाकलत नाही आहात."

पाइप गुपचूप आत गेला. पुढच्या आठवड्यात साहेबांनी तिला हातमोजे दिले, आणि चहा करायची पाळी त्या दोघांवर आली. आमचा चहा बिघडला, पण गळती थांबली.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एजे आता सेहेचाळीसची आहे. खांदे रुंद, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, तोंडात दोन सोन्याचे दात. नवरा झानिबेक तिकडे रशियात येकातेरिनबुर्गला इमारतींवर कामाला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. तो 'कशी आहेस' विचारायचा, ती 'बरी आहे' म्हणायची, आणि मग दोघं एकमेकांना हवामान सांगायचे.

गेल्या साली आमच्या गावाला वरच्या झऱ्याचं पाणी आणायचं ठरलं. झरा आहे उच-ताशच्या कड्याखाली. तिथला उतार असा, की शेळ्यासुद्धा बसून उतरतात. अशा ठिकाणी साधा जोड उपयोगाचा नाही, पाइप आपल्याच वजनानं एकमेकांतून निसटतील. म्हणून परदेशातून कुलपाचे पाइप आले, आणि त्यांच्याबरोबर बिश्केकहून एर्निस नावाचा इंजिनिअर आला. वय सव्वीस, काळा चष्मा, हातात टॅबलेट. मुलगा चांगला, बोलायला नम्र, पण सतत घाईत.

आणि रोज गाढवावर बसून यायचे सोपुबेक अक्साकाल. अक्साकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचे वडीलधारे, आणि हे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जुन्या काळी कचेरीत होते, आणि पाइपाच्या प्रत्येक वळणामागं त्यांनी काँक्रीटचा ठोकळा ओतलेला होता. गावात म्हणायचे, बायको रागावून माहेरी जाऊ नये म्हणून म्हाताऱ्यानं फाटकामागंही एक ओतलाय.

"पाणी म्हणजे बैल असतो, पोरी," ते चरीच्या काठावरून ओरडायचे. "त्याला पाठीमागं भिंत लागते. तुझी भिंत कुठाय?"

"या उतारावर काँक्रीट चढवू कशानं, अक्साकाल? तुमच्या गाढवावरून?"

"चढव की!"

"आधी गाढवाला विचारा. तुमच्यापेक्षा शहाणं दिसतंय."

पण मग तीच त्यांना हाताला धरून खाली घेऊन आली आणि जोड दाखवला. पाइपाच्या टोकाला वेल्डिंगची एक गोल वरंबी असते. टोक आत गेलं की रुंद तोंडातल्या फटीतून लोखंडाचे दोन वाकडे तुकडे आत सरकवायचे. ते वरंबीच्या पुढं अडसरासारखे बसतात. मग पाइप बाहेर येणं नाही.

"हे सगळे हात धरून उभे आहेत," एजे म्हणाली. "एकाला ओढलं की मागचे शंभर धरून ठेवतात."

"आणि शंभरांतला एक आळशी निघाला तर?"

"म्हणून तर मी आहे."

खरं सांगायचं तर आम्हाला सगळ्यांना वैताग यायचा तो तिच्या पुढच्या कामाचा. तुकडे बसवून झाले की ती साखळीची पुली लावायची आणि तोच पाइप उलटा बाहेर ओढायची, वरंबी तुकड्यांवर घट्ट टेकेपर्यंत. पाइप जेमतेम करंगळीच्या जाडीएवढा मागे यायचा. इतक्या कष्टानं आत घातलेला पाइप पुन्हा ओढायचा! दिवसाला सहा जोड कमी व्हायचे.

"एजे, कशाला?" मी एकदा विचारलं.

"कुलूप लावल्यावर दार ओढून बघत नाहीस?"

"नाही."

"म्हणूनच मागच्या वर्षी तुझा बोकड गेला, मेदेर."

जूनमध्ये कोचकोरला एजेच्या बहिणीच्या मुलाचं लग्न निघालं. ती चार दिवस गेली. तोवर आम्ही वरून उताराचा बराचसा भाग उतरवत आणला होता. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती, जिल्ह्याचे उप-अकीम, म्हणजे नंबर दोनचे साहेब, स्वतः येणार होते. एर्निसनं त्या चार दिवसांत खालपर्यंत चोपन्न जोड करून घेतले. शेवटच्या टोकाला लोखंडी झाकण लावलं, झाकणाला छोटा नळ. माझाही हात त्यात होता, हे लपवत नाही. पुली आम्ही गाडीतून बाहेरच काढली नाही.

एजे परतली ती बसमधून उतरून थेट चरीवर. अंगावर लग्नातला मखमली झगा, काखेत बोरसोकांची, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची पिशवी. गुडघे टेकून तिनं पहिला जोड पाहिला. मग दुसरा. मग पाचवा.

"हे ओढलेले नाहीत."

"कुलुपं बसवलीत, एजे," एर्निस म्हणाला. "पाणी आलं की आपोआप ओढले जातील."

"जातील ना. हा करंगळीभर, तो करंगळीभर. किती आहेत?"

"चोपन्न."

"म्हणजे खालचं टोक अर्धा मीटर पुढं येईल."

एर्निस हसला. "लोखंड आहे एजे, रबर नाही!"

"लोखंड ताणणार नाही, बाळा, सरकेल. ही पांढरी रेघ बघ. ओढलेल्या जोडाला ती तोंडाबाहेर दिसते. इथं आत लपलीये. एक दिवस दे मला."

"उद्या पाहुणे आहेत. टेबलं निघाली गावातून."

"टेबलं कुठं मांडणार?"

त्यानं झाकणासमोरची जागा दाखवली. सपाट तेवढीच होती.

"तिथं नको."

"मग उतारावर मांडू? शोरबा सगळ्यांच्या मांडीवर जाईल."

एजेनं मखमली झगा कमरेला खोचला आणि मला म्हणाली, "चल." दुपारभर आम्ही दोघं चोपन्नच्या चोपन्न जोडांवरून फिरलो. प्रत्येक फटीत तिनं बोटं घालून दोन्ही तुकडे चाचपले. एकेचाळिसाव्यात एकच होता. दुसरा तिथंच गवतात पडलेला. तो मीच विसरलो होतो. तिनं तो बसवला, माझ्याकडे पाहिलं, आणि एक बोरसोक माझ्या हातावर ठेवला. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"आता मरणार कुणी नाही," खाली आल्यावर ती म्हणाली. "फजिती तेवढी होईल."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पाहुणे आले. फोटोत पाइप यायला हवा म्हणून टेबल झाकणाच्या अगदी पुढ्यात ओढलं गेलं. एजेनं कुणाला न विचारता पलीकडच्या बाजूची माणसं उठवून कडेला बसवली. उप-अकीम मात्र जागचे हलेनात, पाहुण्याची मानाची जागा तीच होती. निदान पाठीमागं भिंत नाही ना, एवढं तिनं पाहून घेतलं, आणि झाकणापासून अर्धा मीटर मोजून टेबलाखाली एक रिकामी वाटी उपडी ठेवली.

वर झडप उघडली. पाइपातून आधी हवा सुसकारली, मग पाण्याचा घुमघुम आवाज आला. उप-अकीम उभे राहून भाषण वाचू लागले.

टक्.

वर कुठंतरी आवाज झाला. मग टक्, टक्, टक्... कुणीतरी उतारावरून बोटं मोडत यावं तसा. झाकण हललं. सावकाश, गोगलगायीच्या चालीनं पाइप पुढं आला आणि टेबलाला टेकला. मग टेबल निघालं.

"...आपला जिल्हा आज वेगानं पुढं जात आहे," उप-अकीम वाचत होते, आणि टेबल पोटाला लागल्यामुळे स्वतः मागं जात होते. थांबावं असं त्यांना सुचलं नाही. ते एकेक पाऊल मागं सरत वाचत राहिले. किमिझचे, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे घसरले, बोरसोक गवतात घरंगळले. पाहुण्याच्या मानाचं म्हणून थाळीत ठेवलेलं मेंढ्याचं डोकं हळूच वळलं आणि एर्निसकडे बघू लागलं.

"बैल सुटला!" सोपुबेक अक्साकाल ओरडले आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उडी मारून गाढवावर चढले. घाईत तोंड शेपटीकडे झालं.

मग पाइप थांबला. वाटीला चार बोटं उरली होती.

उप-अकीम पाइपाकडे बघत म्हणाले, "हे... असंच असतं का?"

एर्निसचा चेहरा दह्यासारखा झाला होता. तो तोंड उघडणार तेवढ्यात एजे पुढं आली.

"असंच असतं, साहेब. पाहुणा मोठा असला की पाइप पुढं येऊन सलाम करतो. आता बघा, एवढा सरकला, पण एका जोडातून थेंब नाही. पाणी घ्या."

त्यांनी नळ उघडला, ओंजळ धरली, प्यायले, आणि खूश झाले. फोटोत ते पाइपाच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत, एखादं घोडं विकत घेतल्यासारखे.

फजिती खरी पुढं झाली. टोक जवळजवळ अर्धा मीटर पुढं आल्यामुळे ते गावाच्या झडपेच्या खोलीत मावेना. पाइप कापावा लागला. आणि कापलेल्या टोकाला वरंबी नसते, मग कुलपाचे तुकडे धरणार कशाला? त्यासाठी पोलादी दातांचं वेगळं रबरी कडं लागतं, ते यायला तीन आठवडे. पाणी वेशीपर्यंत आलेलं आणि गाव बादल्या वाहतंय! लोकांनी एजेला घेरलं, कुणाची चूक ते विचारलं. ती म्हणाली, "माझी. मी लग्नाला गेले होते."

हे ऐकल्यावर एर्निस दुसऱ्या दिवसापासून कचेरीच्या गाडीतून पाण्याची पिंपं घरोघर पोचवू लागला. म्हाताऱ्या बायकांच्या तर स्वयंपाकघरापर्यंत. तीन आठवड्यांत त्याच्याकडे जर्दाळूच्या मुरंब्याच्या सात बरण्या आल्या आणि दोन मुली सांगून आल्या. त्यातली एक सोपुबेक अक्साकालांची नात.

कडं आलं तेव्हा एजेनं ते त्याच्याच हातात दिलं. त्यानं खाच पुसली, कडं बसवलं, साबण लावला, टोक आत ढकललं. मग कुणी काही बोलायच्या आत पुली आणायला गेला. एजे दगडावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. तिनं वर पाहिलंच नाही.

"काँक्रीट असतं तर बरं झालं असतं," अक्साकाल म्हणाले. एवढं म्हणून त्यांनी घरी जाऊन नळाखाली पहिला तांब्या भरला.

टेबल सरकतानाचं चित्रण कुणीतरी फोनवर केलं होतं. ते फिरत फिरत येकातेरिनबुर्गला पोचलं. रविवारी फोन आला तेव्हा मी एजेच्या ओसरीवर होतो.

"टेबलाशेजारी उभी आहेस ती तूच ना?" झानिबेकनं विचारलं.

"मीच."

"इथं सगळे हसतायत. मी सांगितलं, ही माझी बायको. कुणाला खरंच वाटेना." मग तो म्हणाला, "थंडी आहे का तिकडे?"

"हवामान मला विचारू नकोस, झानिबेक. येऊन बघ."

ऑक्टोबरात तो आला. अकरा वर्षांनी. मी त्याला स्टँडवरून घरी सोडलं. सामान आत ठेवून तो स्वयंपाकघरात गेला आणि नळासमोर उभा राहिला. उघडला. बंद केला. पुन्हा उघडला, हात खाली धरला. हात लाल होईपर्यंत तसाच उभा.

"वरच्या झऱ्याचं?" त्यानं विचारलं.

"हो."

"तू आणलंस?"

"आम्ही सगळ्यांनी," एजे म्हणाली. "आता बंद कर. आणि बूट काढ आधी, सगळा चिखल आत आणलास."