आधी दारातून

आंघोळ झाली की बाई रोज ओल्या फडक्याच्या टोकानं फोन पुसायच्या. बोलायची बाजू आधी, ऐकायची नंतर. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर त्यांची सगळी नोकरी झाली. तिथं एकच हेडफोन सगळ्या पाळ्यांच्या बायकांच्या तोंडासमोर फिरायचा, म्हणून पाळीवर बसताना तो पुसून घ्यायची शिस्त होती. बोर्ड गेला, नोकरी संपली, घरात मोबाइल आला, तरी फडकं राहिलं.

"त्या फोनवर तुझ्याशिवाय बोलतंय कोण?" नवरा चिडवायचा. "स्वतःचंच उष्टं पुसतेस."

"पुसते. तुमच्या हाताला पाणी लागलं का?"

नवरा कोपऱ्यावरच्या दुकानात फोटोंना चौकटी करायचा. सगळे त्यांना फ्रेमवाले म्हणत. माणूस नाकासमोर चालणारा, बोलायला बेताचा. बोलणं बाईंकडे आणि ऐकणं यांच्याकडे, अशी वाटणी लग्नानंतर लगेचच झाली होती आणि त्यावरून कधी भांडण झालं नाही. संध्याकाळी त्यांनी कडी वाजवली की आतून यायचं, "बोला." बोर्डावरची सवय. दार नंतर उघडायचं, शब्द आधी यायचा.

तो शब्द थांबला. एकदम नाही. आधी बाईंचं हसणं गेलं, मग टोमणे गेले, मग विचारलेल्याला उत्तर देणं गेलं. विंचरणं सुटलं, जेवण दोन घासांवर आलं. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारख्या त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. फ्रेमवाले कारण शोधत राहिले. नोकरी संपली म्हणून? मूल झालं नाही म्हणून? गिऱ्हाइकाच्या फोटोला पट्ट्यांचे नमुने लावून बघावेत, तसं एकेक कारण लावून बघायचे. एकही कोपऱ्यात नीट बसेना.

मनाच्या आजाराचा डॉक्टर जवळपास नव्हता. होता तो दिवसभराच्या प्रवासावर, आणि बाई तर जिना उतरायलाही तयार नव्हत्या. शेवटी दवाखान्यातल्या नर्सनं फोनवर भेटणाऱ्या डॉक्टरची सोय लावून दिली. फ्रेमवाल्यांनी उरलेल्या पट्टीचा टेकू करून बाईंचा फोन त्यांच्यासमोर उभा केला. पडद्यावर एक तरुण डॉक्टरबाई दिसल्या आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात बाई स्वतः. त्या चौकोनाकडे बाईंनी एकदाच पाहिलं. मग हात पुढे करून फोन पालथा घातला.

फ्रेमवाले फोन घेऊन जिन्यात आले. "माफ करा हो डॉक्टर."

"माफी कसली, काका. मला सांगा, काकू अजून काय काय करतात दिवसभरात?"

"काही नाही. पडून असते."

"काहीच नाही?"

सांगायला त्यांना संकोच वाटला. "फोन पुसते. तेवढं मात्र रोज."

"फोन? का बरं?" डॉक्टरांनी विचारलं. मग त्यांनी बोर्डाची सगळी हकिकत विचारून घेतली. "पुढच्या वेळी चित्र बंद ठेवू. नुसता आवाज. गोळ्यांचं त्यानंतर ठरवते. आणि काका, तुम्ही बाहेर थांबायचं, दार लावून."

"माझ्यापासून काय लपवायचंय तिला?"

"कदाचित काहीच नाही. पण जागा तर मोकळी हवी ना?"

पुढच्या आठवड्यात फ्रेमवाले जिन्यात बसले. आत फोन वाजला. बराच वेळ काही नाही. मग दारापलीकडून, झोपेतून उठल्यासारखा घोगरा, पण तोच, त्यांच्या घरातला आवाज आला, "बोला."

ते कानात प्राण आणून ऐकत राहिले. खालच्या मजल्यावरची शिवणवाली वर येताना थबकली. "काय फ्रेमवाले, काढलं का घराबाहेर?"

"आत मोठ्या माणसांचं चाललंय."

"ऐकू येतंय काही?"

"शब्द नाही कळत. चाल कळते."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पाय न वाजवता वर गच्चीकडे गेली.

गोळ्या सुरू झाल्या. बाई थोडं जेवू लागल्या, केसांना हात लागला. दर आठवड्याला त्या डॉक्टरांशी बोलत, कधी भरभरून. फ्रेमवाले आत आले की पुन्हा गप्प. आपल्याच घरातला आवाज उंबऱ्याबाहेर बसून ऐकायचा, हे त्यांना आत कुठेतरी बोचायचं. एकदा त्यांनी डॉक्टरांना विचारलंच, "माझ्याबद्दल काही बोलते का?"

"ते मी नाही सांगू शकत, काका. त्यांनाच विचारा की."

विचारायचं कसं? दुकानात काच कापता कापता त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि बायकोला फोन लावला.

"बोला."

फ्रेमवाले विचारायचं सगळं विसरले. "बटाटे आणू का?" ते म्हणाले.

"आणा. मोड आलेले नकोत. मागच्या वेळी पिशवीभर कोंब आणले होते तुम्ही."

मागची वेळ म्हणजे आजाराच्या ऐन भरातली. म्हणजे ती बघत होती. फ्रेमवाले काउंटरला टेकून उभे राहिले. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, काच लागली का?"

मग ते रोज फोन करू लागले. दुकानातून, आणि पुढे पुढे जिन्यातूनही. घरी येऊन जिन्यात बसायचं, फोन लावायचा, आणि अर्धा तास बायकोशी गप्पा मारून मग आत जायचं. शिवणवाली म्हणायची, "या वयात चोरून बोलणं बरं सुचतंय." बाई पलंगावर, ते पायरीवर, मधे एक दार. फोनमधला आवाज जरा उशिरा पोचायचा, त्यामुळे बाईंचं प्रत्येक वाक्य त्यांना दोनदा ऐकू यायचं. आधी दारातून, पुसट. मग फोनमधून, स्पष्ट. ते फोन कानापासून लांब धरायचे. त्यांना पहिलं हवं असायचं.

अशी काही वर्षं गेली. घरात "मीठ द्या", "दिवा घालवा" इतपत बोलणं परत आलं, पण गप्पा फोनवरच. डॉक्टरांचा फोन आता महिन्यातून एकदा यायचा, आणि फ्रेमवाले न चुकता बाहेर जायचे.

बाई गेल्या त्या हृदयाच्या दुखण्यानं. हॉस्पिटलात नेलं तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. शेवटचं काय बोलल्या, असं कुणी विचारलं की फ्रेमवाले आदल्या दिवशीची गोष्ट सांगतात.

डॉक्टरांच्या फोनची वेळ झाली होती. शिवणवालीनं नुकताच जिना धुतला होता. फ्रेमवाल्यांनी वर्तमानपत्र उचललं आणि ते दाराकडे निघाले. फोन वाजला. बाईंनी तो हातात घेतला, पण लगेच कानाला लावला नाही. वाजता फोन तसाच धरून त्यांनी नवऱ्याकडे तोंड वळवलं.

"अहो, पायऱ्या ओल्या आहेत," त्या म्हणाल्या. "बसा इथंच."